पांढरी पडलेली अंडी

सदर : आमच्या वर्गातून



मागच्या आठवड्यात आपण शाळेमागच्या गांडूळखताच्या खड्ड्यापाशी होतो. आज वर्गात येऊ या. आजची गोष्ट माशांची आहे, आणि थोडीशी माझ्या चुकीचीही आहे.

आमच्या चौथीच्या वर्गात खिडकीजवळच्या टेबलावर एक काचेची टाकी आहे. तीन फूट लांब, दीड फूट उंच. एका मुलीच्या बाबांची बदली झाली, तेव्हा सामान हलवताना त्यांनी ती शाळेला देऊन टाकली. टाकीबरोबर हवेचा पंप आला, हीटर आला, जुन्या दगडी पाटीचा एक तुकडा आला आणि चार एंजल मासे आले.

एंजल मासा तुम्ही पाहिला असेल. पतंगासारखा चपटा, अंगावर उभे काळे पट्टे आणि वर-खाली लांबलचक पर. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. त्याला कोमट पाणी लागते, म्हणून तो हीटर.

मुलांनी लगेच कामे वाटून घेतली. खाणे घालणारे दोघे, काच पुसणाऱ्या दोघी आणि पाणी बदलणारा एक. दर शनिवारी टाकीतले पाव हिस्सा पाणी रबरी नळीने काढायचे आणि आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेले पाणी हळूहळू ओतायचे, हे त्याचे काम. वर्गात त्याचे नावच 'पाणीवाला' पडले. आपणही त्याला तेच म्हणू.

एका मंगळवारी काच पुसणारी मुलगी ओरडली, "बाई, मासे पाटी चाटताहेत!" पाहिले तर खरेच. चारांतले दोन एंजल तोंडाने पाटीचा तुकडा घासून-पुसून स्वच्छ करत होते. बाकीचे दोघे जवळ आले की त्यांना हाकलून कोपऱ्यात बसवत होते. आणि बुधवारी दुपारच्या सुट्टीनंतर पाटीवर अंडी! राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, पातळ मधाच्या रंगाची, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी रांगेत चिकटवलेली.

वर्गात नुसता गोंधळ. पिल्ले किती होणार, त्यांची नावे काय ठेवायची, घरी कोणाला किती मिळणार! पाणीवाला मात्र टाकीला नाक लावून अंडी मोजत होता. मोजता मोजता रांग चुकू नये म्हणून त्याने बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि खालच्या कोपऱ्यात बोट टेकवले. "बाई, यानं हात घातला!" चार-पाच जण एकदम ओरडले.

गुरुवारी सकाळी निम्मी अंडी पांढरी पडलेली. शुक्रवारी सगळीच पांढरी, कच्च्या साबुदाण्यासारखी. शनिवारी त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरली आणि माशांनी ती उचलून खाऊन टाकली.

"याच्यामुळेच मेली," वर्गाने निकाल दिला. आणि मी काय केले? मीही म्हटले, "पाण्यात हात घालायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?" पाण्याची नळी मी दुसऱ्या मुलाच्या हातात दिली. पाणीवाला काही बोलला नाही. सोमवारी तो आपले दप्तर घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसला. तिथून टाकी दिसत नाही.

आजीची कोंबडी

त्याच सोमवारी परिसर अभ्यासाच्या तासाला एक मुलगी उठून उभी राहिली. ही एरवी फारशी बोलत नाही. म्हणाली, "बाई, आमच्या आजीची खुडुक कोंबडी एकदा एकवीस दिवस बसली होती. एक पण पिल्लू निघालं नाही. सगळी अंडी नासकी निघाली."

"मग? तिथं कुणी हात घातला होता?" कोणीतरी विचारले.

"हात कशाला? कोंबडा नव्हता. दिवाळीतच मुंगसानं नेला होता त्याला. आणि ही बसली होळीच्या सुमाराला. आजी म्हणाली, कोंबडा नसला की किती का बसेना, अंडी वायाच."

मी हातातला खडू खाली ठेवला. खरे सांगते, हे मला आधी सुचायला हवे होते.

मुलांनो, कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते. दुकानात ट्रेमध्ये मिळणारी पोल्ट्रीची अंडी अशीच असतात. खाण्यासाठी अंडी घालणाऱ्या त्या कोंबड्यांत कोंबडा ठेवतच नाहीत. ती अंडी खायला चांगली, पण खुडुक कोंबडीखाली ठेवलीत तर पिल्लू निघायचे नाही. पिल्लू व्हायला आईकडची अंडपेशी आणि बाबांकडची शुक्रपेशी एकत्र यावी लागते. पिल्लाचे अंग कसे घडायचे, याची सूचनांची चिठ्ठी अर्धी आईकडे असते, अर्धी बाबांकडे. दोन्ही अर्धे जुळले की काम सुरू होते. या जुळण्याला 'फलन' म्हणतात.

मागच्या बाकावर दोघे खुदखुदले. मी म्हटले, "हसा, पण ऐका. पुढं याहून गमतीचं आहे."

एका मिनिटाची शर्यत

कोंबडीचे फलन तिच्या पोटात, अंड्यावर कवच चढण्याआधीच होऊन जाते. एंजल माशाचे तसे नसते. मादी अंडी बाहेर घालते आणि फलन बाहेर, पाण्यातच होते. याला 'बाह्यफलन' म्हणतात. बेडकांचेही असेच असते.

मादी पाटीवरून खालून वर हळूहळू सरकते आणि अंड्यांची एक रांग चिकटवत जाते. ती बाजूला झाली की नर त्याच वाटेने सरकतो आणि अंड्यांवर आपला शुक्ररस सोडतो. मग पुन्हा मादी, पुन्हा नर. तास-दीड तास त्यांचे हे चालते. कोणी सांगितले आहे का त्यांना? नाही. पण नराने मागोमाग यायलाच हवे, उशीर करून चालत नाही. का ते पाहा.

नराच्या पोटात असताना शुक्रपेशी जवळजवळ निपचित असतात, पोहत नाहीत. पाण्याचा स्पर्श झाला की त्या जाग्या होतात आणि शेपटी हलवत सुटतात. पण प्रत्येकीजवळची शिदोरी अगदी थोडी. झेब्रा मासा किंवा कॉमन कार्प यांच्या शुक्रपेशी जेमतेम मिनिटभर जोरात पोहतात, मग थकतात. काही जातींत हा वेळ थोडा जास्त असतो, इतकेच.

मी फळ्यावर एक मोठा गोल काढला. हे अंडे. याच्याभोवती जाड पापुद्रा. शुक्रपेशीला तो भेदून आत जाता येत नाही. मग वाट कुठे? गोलाच्या वरच्या टोकाला मी खडूने एक बारीक फट ठेवली. माशाच्या अंड्याला तेवढे एकच छिद्र असते आणि ते इतके अरुंद, की एका वेळी एकच शुक्रपेशी त्यातून शिरेल. या छिद्राला 'मायक्रोपाइल' म्हणतात. भिजवलेल्या वालाच्या बीवर एक बारीक भोक असते, दाबले की त्यातून पाण्याचा थेंब येतो, आठवते? त्यालाही शास्त्रज्ञ हेच नाव देतात. मराठीत आपण त्याला बीजरंध्र म्हणतो.

आता खरी गंमत. इकडे शुक्रपेशीचे मिनिट संपत असते आणि तिकडे अंड्याचेही दार बंद होत असते! अंडे पाण्यात पडले की ते पाणी ओढून घेऊ लागते. वरचा पापुद्रा फुगून सुटा होतो आणि थोड्याच वेळात त्या छिद्रातून आत जाता येत नाही. झेब्रा माशात हे सगळे मिनिट-दोन मिनिटांत होते. एक शुक्रपेशी आत गेली की दुसरीला वाट नाही. आणि एकही गेली नाही, तरी दार बंद ते बंदच.

मत्स्यबीज केंद्रांत काही जातींसाठी माणसे या ज्ञानाचा छान उपयोग करतात. मादीची अंडी कोरड्या भांड्यात काढून घेतात, त्यावर नराचा शुक्ररस टाकतात आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच ढवळतात. पाणी शेवटी घालतात. म्हणजे शर्यतीची शिट्टी वाजण्याआधीच सगळे धावणारे दाराशी उभे! पीस अशासाठी, की नाजूक अंडी फुटू नयेत.

ज्या अंड्याला शुक्रपेशी मिळाली नाही, त्याचे काय होते? काही तास ते चांगल्या अंड्यासारखेच दिसते. पण आत वाढ सुरू होत नाही. मग अंडे मरते, त्याच्या आत पाणी शिरते आणि आतला पारदर्शक भाग साकळून पांढरा होतो. कोंबडीचे अंडे उकडले की पांढरे होते, दिसायला तसेच. फरक एवढाच, की इथे उष्णतेऐवजी पाण्याने ते काम केलेले असते. मेलेल्या अंड्यावर पाण्यातली बुरशी लगेच घर करते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवरही पसरते.

हिशेब

एवढे सांगून झाल्यावर मी शेवटच्या बाकाकडे पाहिले. "पाणीवाले, त्या दिवशी तुझं बोट किती अंड्यांना लागलं होतं?"

तो उभा राहिला. "तीन. नाहीतर चार."

"आणि मोजली किती होतीस?"

"दोनशे साठ. मग घंटा झाली."

मी फळ्यावर लिहिले : बोट लागलेली ४, मोजलेली २६०, पांढरी पडलेली सगळी. "सांगा पाहू, बोटामुळं मरायची तर किती मेली असती?"

"चारच!" पुढच्या बाकावरून आवाज आला.

"मग बाकीची कशानं मेली?"

वर्ग गप्प. निकाल दिला होता ना सगळ्यांनी, मीसुद्धा!

त्या संध्याकाळी मी बाजारातल्या मासे विकणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी चार प्रश्न विचारले. पाणी कुठले? बोअरचे असले तर फार जड असू शकते, तेही एंजलच्या अंड्यांना मानवत नाही. हवेचे बुडबुडे अंड्यांच्या अगदी जवळून जातात का? मग शुक्ररस वाहून जातो. नर अगदी कोवळा आहे का? आणि शेवटचा प्रश्न : "त्यातला एक नर आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं, बाई?"

मी काय उत्तर देणार? एंजलचा नर आणि मादी एरवी पाहून ओळखता येत नाहीत. टाकीत नर मिळाला नाही, तर कधी कधी दोन माद्याच जोडी जमवतात, पाटी पुसतात, अंडी घालतात आणि राखणही करतात. फक्त त्या अंड्यांतून पिल्ले कधीच निघत नाहीत. "अंडी घालताना पोटाखाली बारीक नळी बाहेर येते," काका म्हणाले. "मादीची जाड आणि बोथट. नराची बारीक, टोकदार. पुन्हा घालतील दहा-पंधरा दिवसांत. तेव्हा नीट बघा."

पाणीवाल्याची वही

नीट बघायचे काम कोणाला द्यायचे, हा प्रश्नच नव्हता. मी पाणीवाल्याला एक चाळीस पानी वही दिली आणि टाकीसमोरच्या बाकावर बसवले. तेराव्या दिवशी त्याने लिहिलेले हे पान पाहा. जसेच्या तसे देते आहे.

"२ वाजून १० मिनिटे. मोठी पाटीवर वर गेली. मागे ९ अंडी.

२ वाजून १२. लहानी गेली. तिच्या मागे पण अंडी! ७.

२ वाजून १५. मोठी परत. ११.

२ वाजून १७. लहानी परत. ८. दोघींची नळी जाड आहे. दोघींची सारखी आहे.

बाई, ही दोघांची जोडी नाही. या दोघी आहेत."

मी भिंग घेऊन स्वतः पाहिले, वर्गातल्या प्रत्येकाने रांगेत येऊन पाहिले. दोन्ही माशांमागे अंडी पडत होती. या वेळी पाटी पहिल्यापेक्षा कितीतरी भरली होती, दोन दिवसांत सगळी पांढरी झाली आणि या वेळी टाकीत कोणाचे बोटही गेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी पाणीवाल्याला पुढे बोलावले आणि सगळ्या वर्गासमोर म्हटले, "माझं चुकलं. न तपासता मी तुला दोष दिला. पाण्यात हात घालू नये हे खरंच आहे, पण अंडी तुझ्यामुळं मेली नव्हती."

त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग बाई, नळी परत देणार?"

नळी तर दिलीच. वहीही त्याच्याकडेच राहिली.

पिल्ले

काकांनी लहान मादी परत घेतली आणि तिच्या बदल्यात, पूर्वी ज्याची पिल्ले झाली होती असा एक नर दिला. आणला म्हणजे लगेच जोडी जमते असे नाही. दोन महिने मोठीने त्याला पाटीजवळ येऊ दिले नाही. मग एके दिवशी दोघे मिळून पाटी पुसू लागले. पहिल्या खेपेची अंडी त्यांनी एका रात्रीत स्वतःच खाऊन टाकली. नव्या जोडीत असे पुष्कळदा होते.

दुसऱ्या खेपेला मात्र सगळे जमले. मादीने रांग घातली, नर मागोमाग गेला. त्याची नळी बारीक, टोकदार. तो काय सोडतो ते मात्र दिसले नाही. शुक्ररस इतका थोडा असतो, की डोळ्यांना पाणी फक्त पाणीच दिसते. हवेचा पंप आम्ही हळू करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी वीस-बावीस अंडी पांढरी झाली, कारण सगळ्यांच अंड्यांना शुक्रपेशी मिळते असे नाही. आई-बाबांनी ती एकेक करून तोंडाने वेचून टाकली, म्हणजे बुरशी पसरायला नको. बाकीची मधाच्या रंगाचीच राहिली. दोघे आळीपाळीने परांनी त्यांना वारा, म्हणजे पाणी, घालत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहीत एकच ओळ : "शेपट्या हलत आहेत!!!"

पिल्ले अंड्यांतून बाहेर आली, पण पाटी सोडेनात. डोक्याजवळच्या चिकट धाग्यांनी ती तिथेच लटकून होती. पोटाला बलकाची पिशवी, तोच त्यांचा डबा. पाच-सहा दिवसांनी डबा संपला आणि ती पोहू लागली. मग मिठाच्या पाण्यात आर्टेमियाचे बारीक किडे उबवून आम्ही त्यांना घालू लागलो. शंभरावर पिल्लांतली एकोणीस मोठी झाली. पाणीवाल्याने तीही मोजली, या वेळी बाहेरून!

कोणाची कशी तऱ्हा

सगळे मासे एंजलसारखे नसतात. झेब्रा मासा आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवर पुस्तक लिहिले, त्यात या माशाचे वर्णन आहे. तो पहाटे उजेड होता होता अंडी घालतो, तीही पाण्यात मोकळी सोडून देतो आणि मागे फिरून स्वतःच खातो. म्हणून हौशी लोक टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या पसरतात. अंडी फटींत पडतात आणि वाचतात. फलन झाल्यावर पाऊण तासात या अंड्यातल्या एका पेशीच्या दोन पेशी होतात, मग दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. दोनाच्या चार, चाराच्या आठ. दुसऱ्या दिवशी काचेसारख्या पारदर्शक अंड्यात हृदय धडधडताना भिंगातून दिसते. म्हणून तर जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा पाळतात.

फायटर माशाचा नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. मादीभोवती तो अंगाचे कडे करतो, अंडी बाहेर पडतात, तिथेच त्यांचे फलन होते आणि ती खाली जाऊ लागतात. मग नर ती तोंडात झेलून वर घरट्यात नेऊन ठेवतो. पुढची राखण एकटा बाबाच करतो.

गप्पी मासे तर तुमच्या ओळखीचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून हौदात, डबक्यांत सोडतात ते. त्यांचे फलन मादीच्या पोटातच होते आणि मादी सरळ जिवंत पिल्लांना जन्म देते. शुक्रपेशी ती काही महिने पोटात जपून ठेवू शकते. म्हणून बाटलीत एकटीच ठेवलेली गप्पीची मादी पुन्हा पुन्हा पिल्ले देते आणि घरातले सगळे चकित होतात! आता तुम्ही चकित होणार नाही.

हे सगळे समजून घेण्याचा उपयोग हौसेपुरताच नाही बरं का. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या जेवणातले मासे तळ्यात वाढतात, पण तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली पुराची नदी लागते. त्यामुळे पूर्वी मत्स्यबीज नदीतून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांना या जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेण्यात यश आले. माशांच्याच मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क त्यांनी टोचला होता. तळ्यात सोडायला लागणारे बीज त्यामुळे केंद्रातच तयार करता येऊ लागले. म्हणून १० जुलै हा आपल्याकडे 'राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन' असतो. बीजकेंद्रातली माणसेही आमच्या पाणीवाल्याचेच काम करतात. थोडी अंडी बशीत घेतात, स्वच्छ किती, पांढरी किती ते मोजतात आणि फलन शेकडा किती झाले ते काढतात.

तुम्ही करून पाहा

१. घरी किंवा ओळखीच्यांकडे मासे असतील, तर एक वही करा. तारीख, वेळ, पाहिलेली गोष्ट. "मला वाटते" ते वेगळ्या पानावर लिहा.

२. अंडी दिसली तर हात लावू नका. बाहेरून मोजा. रोज स्वच्छ किती, पांढरी किती ते लिहा.

३. हिशेब : पाटीवर साधारण ३०० अंडी आहेत. त्यांतली कुठलीही ५० मोजली, तर ८ पांढरी निघाली. मग फलन शेकडा किती झाले? ३०० पैकी साधारण किती अंडी चांगली असतील? उत्तर पुढच्या अंकात.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मूल विचारते, "यातून पिल्लू कसं होतं?" तेव्हा आपण घाईने विषय बदलतो. बदलू नका. माशांच्या टाकीसमोर बसून हे उत्तर सरळ देता येते आणि मूल ते सरळच घेते. आणि घरात काही मोडले, सांडले, मेले की सगळ्यात जवळ उभे असलेल्या मुलाकडे आपले बोट जाते. बोलण्याआधी एकदा मोजून पाहावे. माझ्याकडून ते राहून गेले आणि एका मुलाने दोन आठवडे टाकीकडे पाठ करून काढले.

पुढच्या आठवड्यात आपण शाळेच्या छपरावर जाऊ. तिथल्या पत्र्यावर पाऊस किती पडला, ते मोजायला आम्ही एक सोपी युक्ती केली आहे.

तुमची,
बाई